जास्तीचे स्वल्पविराम

छापखान्यात सगळे त्यांना टिचकीकाका म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि त्यांची हरकत नसे. मी नुसतं काका म्हणायची, ते माझ्याहून जेमतेम बारा वर्षांनी मोठे असले तरी.

त्यांचं काम वाचण्याचं. लेखकाची मूळ प्रत हातात धरून ते मोठ्याने वाचत आणि मी समोर बसून प्रूफवर नजर ठेवी. फरक दिसला की माझी लाल पेन्सिल चाले. एवढ्याशा कामाला दोन माणसं कशाला, असं आताची मंडळी मला विचारतात. एकट्याने वाचून बघा म्हणावं. डोळा लबाड असतो, त्याला हवं तेच वाचतो आणि पुढे सटकतो.

बरं, वाचायचं म्हणजे गोष्ट सांगितल्यासारखं नव्हे. वेलांटी पहिली की दुसरी, श साधा की पोटफोड्या, सगळं तोंडाने सांगावं लागतं. त्यात विरामचिन्हांची नावं दर वेळी उच्चारत बसलं तर एका पुस्तकाला वर्ष लागेल. म्हणून काकांनी स्वतःची युक्ती काढली होती. वाक्य संपलं की टेबलावर नखाने एक टिचकी. प्रश्नचिन्ह आलं की दोन. आणि स्वल्पविराम आला की घशातल्या घशात एक बारीक 'हं'. या 'हं'वर मी अकरा वर्षं काम केलं. समोरासमोर, एका हाताच्या अंतरावर. नवऱ्यासमोर मी इतके तास कधी बसले नाही.

खोली माळ्यावर होती. खाली मशीन धडधडायचं, म्हणून खिडकी कायम बंद. काकांनी लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरी मागची खोली त्यांची होती. दुपारी डबा उघडून ते खिडकीच्या काचेकडे तोंड करून जेवत आणि जेवताना बोलत नसत. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं बोलून झाल्यावर स्वतःचं बोलायला त्यांच्याकडे काही उरत नसावं, असं मी धरून चालले होते. साफ चूक. बोलायला बरंच होतं, मी कधी विचारलं नव्हतं.

तर एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी शिस्तीवर एकशे ऐंशी पानांचं पुस्तक लिहिलं आणि आमच्याकडे छापायला दिलं. त्यांचं एकेक वाक्य अर्ध्या पानावर पाय पसरून बसायचं. मुळातच इतके स्वल्पविराम होते की थोडे जास्त पडले तरी कुणाला पत्ता लागू नये. मलाही लागला नाही. पुस्तक छापून झालं, बांधून झालं, आणि आठ दिवसांनी हेडमास्तर छत्री आपटत जिना चढून आले. मागोमाग मालक.

"हे काय छापलंय?" हेडमास्तर म्हणाले. "काल बायकोला मोठ्याने वाचून दाखवत होतो. तिसऱ्या प्रकरणापासून मलाच धाप लागायला लागली! दर दोन शब्दांनी थांबा. मी असं लिहीत नाही. दमेकरी माणसाने लिहिल्यासारखं वाटतंय."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. काका त्या दुपारी अर्ध्या दिवसाच्या रजेवर होते. मी म्हटलं, बघते, आणि दोघांना खाली पाठवून मूळ प्रत आणि पुस्तक शेजारी ठेवून बसले.

पहिल्या साठ पानांत जास्तीचे चार. पुढच्या साठांत अकरा. शेवटच्या साठांत सव्वीस. आणि एकही व्याकरणाला धरून नाही. 'शिस्त ही, घरापासून सुरू होते.' 'विद्यार्थ्याने सकाळी, उठून.' पान एकशे अडुसष्टवर तर एकाच परिच्छेदात पाच. मला ते पान आठवलं. ते वाचताना काका मध्येच पाणी प्यायला उठले होते आणि परत येऊन म्हणाले होते, "कुठे होतो आपण?" मी तो परिच्छेद मनातल्या मनात त्यांच्या आवाजात पुन्हा ऐकला आणि माझा हात तिथेच थांबला.

ते स्वल्पविराम नव्हतेच. तो खोकला होता. मोठ्याने येऊ नये म्हणून ते तो घशात दाबत. दाबलेला खोकला आणि त्यांचा 'हं', यांत मला फरक कळला नव्हता. ते खोकत गेले आणि मी लाल पेन्सिलीने स्वल्पविराम घालत गेले. मूळ प्रत त्यांच्यासमोर असे, त्यामुळे त्यांच्या आवाजावर शंका घ्यायची माझी पद्धत नव्हती.

सर्दीचा माणूस राजरोस खोकतो, वर 'काय हवा पडलीय बघा' म्हणून सगळ्यांना ऐकवतो. तीन-चार महिने गिळून ठेवावा असा खोकला एकच. त्याचं नाव कुणी घेत नाही. 'छातीचं' म्हणतात, 'तसलं' म्हणतात, काही जण तर नुसत्या भुवया वर करतात. मला या चोरटेपणाचा संताप येतो. शब्द गाळून माणसं वाक्य पुरं करतात कशी, हे माझ्या धंद्याला कळत नाही. पण खरं सांगायचं तर त्या दुपारी मनात मीही 'तसलं'च म्हणाले.

मालकांना मी सांगितलं, "माझं लक्ष नव्हतं. चूक माझी."

"अकरा वर्षांत पहिल्यांदा?" मालक म्हणाले.

"झाली खरी."

हेडमास्तरांनी शुद्धिपत्र मागितलं, पान आणि ओळीसकट. वर चूक करणाऱ्याचं नावही खाली छापा म्हणाले, शिस्त म्हणजे शिस्त. मी ते घरी बसून तयार केलं. एक्केचाळीस नोंदी आणि तळाला माझं नाव.

एवढं केलं म्हणून मला कुणी भली बाई म्हणू नये. दुसऱ्या दिवशी काय केलं तेही सांगते. मी लवकर गेले, खिडकी उघडली आणि माझी खुर्ची वीतभर मागे घेतली. घरी माझी सहा वर्षांची मुलगी होती, सासूबाई थकलेल्या होत्या, ही कारणं खरी आहेत. पण खुर्ची सरकवताना त्यांच्यापैकी कुणी माझ्या डोक्यात नव्हतं. मी माझ्यासाठी घाबरले होते. हे लिहायला लाज वाटते.

काका आले आणि बसले. त्यांनी आधी टेबलाच्या कडेकडे पाहिलं, मग खाली. माळ्याची जमीन लाकडी होती. आमच्या खुर्च्यांच्या पायांनी अकरा वर्षांत तिच्यात चार-चार खळगे पाडले होते आणि माझी खुर्ची तिच्या खळग्यांत नव्हती.

"खिडकी उघडलीत?" ते म्हणाले.

"गरम होतंय."

बाहेर चांगलं गार होतं. त्यांच्या अंगात स्वेटर होता. त्या दिवशी त्यांनी मूळ प्रत तोंडासमोर उंच धरली, मान भिंतीकडे वळवली आणि संध्याकाळपर्यंत तसंच वाचलं. मला अर्धं ऐकू आलं नाही, पण मी पुन्हा वाचा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मालकांना चिठ्ठी आली. काविळीने उचल खाल्ली आहे, रजा मिळावी.

आदल्या वर्षीही त्यांना कावीळ झाली होती, म्हणजे तसं आम्हाला सांगण्यात आलं होतं. मालकांना शंका आली नाही. त्यांनी पेपरात 'वाचक पाहिजे'ची जाहिरात द्यायची का, असं मला विचारलं. मी म्हटलं, थांबा थोडं. आणि एकटी वाचत बसले. एका हाताने मूळ प्रत धरायची, दुसऱ्याने पेन्सिल, मान सारखी इकडून तिकडे. समोरच्या रिकाम्या खुर्चीला मी दोनदा 'काय म्हणालात?' असं विचारलं. दोन आठवडे काढले तसे.

मग त्यांचा चष्मा सापडला, टेबलाच्या खणात मागे सरकलेला. वाचणारा माणूस चष्म्यावाचून कसा राहिला असेल, असं मनात आलं, आणि मला निमित्तही हवंच होतं. संध्याकाळी घरी जाताना मी त्यांच्या भावाचं घर शोधून काढलं. दार वहिनीने उघडलं. घरात रंगाचा वास येत होता.

"भाऊजींचा चष्मा? तुम्ही छापखान्यातल्या ना?" ती म्हणाली. "अहो, उद्या तिथेच दिला असता तरी चाललं असतं. ते यायचेत अजून. सकाळी डबा घेऊन गेलेत, नेहमीसारखे."

मी दारातच उभी होते, ते बरं झालं. तिला माझा चेहरा नीट दिसला नसावा.

"हो, ते आज दुसरीकडे कामावर होते," मी म्हटलं. "आमची चुकामूक झाली."

"मागची कावीळ झाल्यापासून अंगी काही लागत नाही बघा त्यांच्या. तेल-तिखट बंद केलं, वर्ष झालं उकडलेलंच देतेय. आमच्या मोठीचं लग्न ठरतंय, त्या गडबडीत मला त्यांच्याकडे बघायलाही होत नाही."

चष्मा देऊन मी निघाले. आयुष्यात कधी कुणाचा पाठलाग केला नव्हता, तोही केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. काका बाहेर पडले. हातात डब्याची पिशवी, भांग नीट पाडलेला, स्वेटर. पण स्वेटरच्या आत माणूस निम्मा उरला होता. छापखान्याची गल्ली आली तेव्हा त्यांनी तिकडे पाहिलंही नाही, चाल वाढवली आणि पुढे गेले. मी मागे. ते पाण्याच्या मोठ्या टाकीपाशी गेले. तिथे मोकळं मैदान होतं आणि अगदी टोकाला एक दगडी बाक. आसपास कुणी नाही. त्यांनी पिशवीतून जुन्या प्रुफांचा गठ्ठा काढला, चष्मा लावला, डबा शेजारी ठेवला. आणि मोठ्याने वाचायला लागले.

मैदानात ऐकायला कोणी नव्हतं. तरी वेलांट्या सांगत होते, पहिली, दुसरी. वाक्य संपलं की डब्याच्या झाकणावर टिचकी मारत होते. मध्येच खोकला आला की थांबत होते, आणि तो आता गिळत नव्हते, सगळा येऊ देत होते. मी तिथे उभी राहून रडले. मला लवकर रडू येत नाही.

"काका," मी हाक मारली.

त्यांनी मान वर केली आणि आधी हात पुढे केला. "तिथंच थांबा बाई. वारा तुमच्याकडे वाहतोय."

मी बाकाला वळसा घालून वाऱ्याच्या उलट बाजूला गेले आणि चार पावलांवर गवतात बसले.

"कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

"मला कान नाहीत का?" मी म्हटलं. स्वल्पविरामांचं सांगायची हिंमत झाली नाही.

मग त्यांनी सगळं सांगितलं. इतकं सलग स्वतःचं बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. दीड वर्षापूर्वी सुरू झालं होतं. आधी औषधाच्या दुकानातून खोकल्याच्या बाटल्या. एकाच दुकानात तिसऱ्यांदा गेलं की दुकानदार चेहरा लक्षात ठेवतो, म्हणून चार दुकानं धरली, आळीपाळीने. रात्री ताप यायला लागला तेव्हा दोन बस बदलून एका डॉक्टरकडे. तिथे आपण शिक्षक असल्याचं सांगितलं आणि पत्ता बंद पडलेल्या थिएटरचा दिला. डॉक्टर भला माणूस. त्याने छातीचा फोटो काढला, रोगाचं नाव स्पष्ट सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या.

"त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते बाई. वहिनीने मोरीत पाहिलं आणि घाबरली. मीच म्हटलं, कावीळ झालीय." ते किंचित हसले. "कावीळ बरी असते. काविळीला लोक भेटायला येतात."

दीड महिन्यात खोकला थांबला, वजन वाढलं. मग डॉक्टर म्हणाला, आता तुमच्या भागातल्या सरकारी केंद्रात नाव घाला, तिथे पुढचं औषध मिळेल, घरच्यांची तपासणीही करतील. काका बरं म्हणाले आणि पुन्हा ना त्या डॉक्टरकडे गेले ना केंद्रात.

"का?"

"केंद्रात वही असते. तिच्यात खरा पत्ता लिहावा लागतो. मग त्यांचं माणूस घरी येतं. दारात उभं राहून विचारतं, इथे कोण पेशंट आहे? शेजारी ऐकतात. आमच्या मोठीला बघून गेलेत आत्ताच. ते लोक पुन्हा येतील का?"

"आणि तुम्ही मेलात तर येतील?"

माझी जीभ ही अशी आहे. काकांनी झाकणावर बोट आपटायला उचललं, पण टिचकी मारली नाही.

"मेलो तर काविळीने मेलो म्हणतील," ते म्हणाले. "तेवढं मी करून ठेवलंय."

हे ऐकल्यावर मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "उठा. आत्ता उठा. पुतणीचं लग्न व्हावं म्हणून तुम्ही गप्प आहात, आणि तिच्याच भिंतीपलीकडे रोज रात्री खोकताय. तिला लागलं तर कुठल्या काविळीचं नाव सांगणार?" हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं, असं नव्हे. पण कुणी मोठ्याने वाचून दाखवलं नव्हतं. त्यांनी प्रूफं पिशवीत घातली आणि ते उठले. तोंडाला रुमाल बांधून ते पुढे चालले, मी मागून.

केंद्रातल्या सिस्टरच्या टेबलावर खरंच मोठी वही होती. तिने कार्ड भरायला घेतलं. काकांनी खाली मान घालून नाव सांगितलं, पत्ता सांगितला, आणि मग कार्डाच्या माथ्यावरचे छापील शब्द त्यांच्या नजरेला पडले. क्षयरोग निर्मुलन.

"मू दीर्घ हवा," ते रुमालातून पुटपुटले.

"काय?" सिस्टर म्हणाली.

"निर्मूलनमधला मू. दुसरा उकार. ऱ्हस्व छापलाय."

"आधी थुंकी द्या, मग मू बघू," सिस्टर म्हणाली आणि डबी पुढे सरकवली.

तपासणीत निघायचं तेच निघालं. मध्ये सोडलेलं औषध धरत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सहा महिने. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना झापझाप झापलं, सोडलेल्या औषधाने रोग मुरतो म्हणून. काकांच्या नशिबाने तो मुरलेला नव्हता, त्याच गोळ्या लागू पडणार होत्या. माझाही फोटो काढला. स्वच्छ निघाला. तो कागद हातात घेताना मला जे बरं वाटलं ते काकांना दिसू नये म्हणून मी पाठ फिरवली.

घरी सांगण्याचं सिस्टरने त्यांच्यावरच सोपवलं. म्हणाली, "आम्ही येऊन सांगण्याआधी तुम्ही सांगा. तुमचा भाऊ आहे तो." काकांनी भावाला बाहेर, रस्त्यावर नेऊन सांगितलं. त्याने सगळ्यांना गुपचूप केंद्रात नेऊन तपासून आणलं. कुणालाही काही निघालं नाही. त्यानंतरही घरात कुणी वाकडा शब्द काढला नाही, हे काका मला पुन्हा पुन्हा सांगत. फक्त त्यांचं ताट मागच्या खोलीच्या दारात येऊ लागलं. कप वेगळा झाला. ताट-कपाने हा रोग लागत नाही, असं सिस्टरने वहिनीला तीनदा सांगितलं, आणि वहिनीने तीनदा 'हो हो, माहितीये' म्हटलं. लग्न ठरलं. लग्नाच्या दिवशी भाऊ म्हणाला, पाहुण्यांत कुणी विचारलंच, तर तू बाहेरगावी गेलायस असं सांगू. तोवर काकांची थुंकी स्वच्छ आली होती, डॉक्टरांनी कामावर जायला परवानगी दिली होती. भावाला ते माहीत होतं.

त्या दिवशी काका छापखान्यात आले. दोन महिन्यांनी पहिल्यांदा. मालक म्हणाले, "काय राव, काविळीला दोन महिने?"

"वाईट असते कावीळ," मी मध्येच म्हटलं.

वर आल्यावर मी पाहिलं तर काकांनी बसण्याआधी त्यांची खुर्ची मागे घेतली. वीतभर. माझी मी केव्हाच खळग्यांत परत आणली होती. त्यांना सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार?

"आज मोठं काम द्या," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत पुरेल असं."

आम्ही एका पाटबंधारे खात्याचा अहवाल वाचला. पुतणीला निरोप द्यायची वेळ झाली असेल तेव्हा ते पाण्याच्या पातळीचे आकडे वाचत होते. आवाज हलला नाही. मी एकदा डोळे पुसले आणि पेन्सिलीचा भुसा गेला म्हणाले.

सहा महिने त्यांनी पुरे केले. शेवटचं कार्ड मला दाखवायला आणलं. गोळ्यांच्या खुणेचं एकही घर रिकामं नव्हतं, आणि माथ्यावरचा मू त्यांनी शाईने दीर्घ केला होता. मला वाटलं, चला, संपलं. खुर्ची मात्र मागेच राहिली. मी बोलले नाही आणि तेही बोलले नाहीत. असं वर्ष गेलं.

आणि हेडमास्तरांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. शिस्तीला खप असतो. मालकांनी मूळ प्रत आणि पहिल्या आवृत्तीचं पुस्तक टेबलावर ठेवलं. "दोघांनी मिळून पुन्हा एकदा अख्खं वाचा. या वेळी एकही चूक नको." मी एकटी करते म्हटलं, तर मालक म्हणाले, तुमचं लक्ष नव्हतं म्हणूनच मागच्या वेळी घोळ झाला ना?

काका वाचत होते, मी पुस्तकात जास्तीचे स्वल्पविराम खोडत होते. त्यांचा आवाज आता मोकळा होता. पहिली साठ पानं सरली. दुसरी साठही सरली. पान एकशे अडुसष्टवर त्यांनी वाचन थांबवलं.

"बाई, इथे मी काही म्हटलं नाही."

"हो."

"मग पेन्सिल कशाला चालली?"

"जास्तीचा आहे. खोडतेय."

"इतके जास्तीचे? बघू."

मी पुस्तक दिलं. त्यांनी तो परिच्छेद ओठांतल्या ओठांत वाचला. प्रत्येक लाल खुणेपाशी त्यांचा गळा हलला. मग त्यांनी मागची पानं उलटली आणि उलटत उलटत पार सुरुवातीला गेले. तिथे शुद्धिपत्र चिकटवलेलं होतं. ते त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं, माझ्या नावापर्यंत, आणि सवयीने टेबलावर एक टिचकी मारली.

"एक्केचाळीस," ते म्हणाले. "यातला एकही तुमचा नाही."

मी पेन्सिलीला टोक काढू लागले.

"मग शुद्धिपत्रच चुकीचं छापलंय."

"असू दे."

"हे कधी केलंत?"

"तुम्ही अर्ध्या रजेवर होता, त्या दुपारी."

त्यांनी मनात हिशेब केला. मला तो चेहऱ्यावर दिसत होता. "आणि खुर्ची दुसऱ्या दिवशी सकाळी."

"हो," मी म्हटलं. "मी घाबरले होते, काका."

"घाबरणारच. घाबरण्यासारखंच आहे ते." ते खळग्यांकडे पाहत होते. "पण मला वाटलं, सगळ्यांना कळलं. मालकांनी तुम्हाला सांगितलं असणार, खाली मशीनवर बोलणं झालं असणार. म्हणून पुन्हा जिना चढायची छाती झाली नाही."

"मला एकटीलाच कळलंय हे ठाऊक असतं तर?"

टोमणा मारण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, ते खरोखर विचार करत होते.

"तर आलो असतो," ते म्हणाले. "तुम्ही तेव्हाच विचारलं असतं तर केंद्रातही आलो असतो. मैदानात एकोणीस दिवस काढले मी."

मी नुसतीच माझी खुर्ची आणखी पुढे ओढली, पार टेबलाला पोट लागेपर्यंत. काकांनी ते पाहिलं आणि मान हलवली, ठीक आहे म्हटल्यासारखी. स्वतःची खुर्ची त्यांनी पुढे घेतली नाही.

"चला," ते म्हणाले. "राहील नाहीतर."

पान एकशे बहात्तरवर त्यांना खोकला आला. साधाच, जुन्या कागदाच्या धुळीचा. माझ्या हातातली पेन्सिल वर उचललेलीच होती.

"हा घालू नका," काका म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो. मग त्यांनी मूळ प्रत तोंडासमोर उंच धरली, मान भिंतीकडे वळवली आणि उरलेली आठ पानं तशीच वाचली.